त्या रात्रीचं खरं स्केच कोणतं: डेव्हिड पम्पकिन्स की ब्लॅक जेपर्डी?

रातराणी:
ऑक्टोबर आला की 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी विनोदी टीव्ही कार्यक्रमाची तीच क्लिप फिरायला लागते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक जोडपं हॅलोविनच्या भुताटकीच्या लिफ्टमध्ये शिरतं. शंभर मजले, दार उघडलं की समोर काहीतरी भयंकर. पण मजल्यामागून मजल्यावर दिसतो तो भोपळ्यांच्या नक्षीचा काळा सूट घातलेला टॉम हँक्स, शेजारी नाचणारे दोन सांगाडे. 'मी डेव्हिड पम्पकिन्स!' म्हणतो, 'काही प्रश्न?' विचारतो, दार बंद. शंभरपैकी ७३ मजल्यांवर हाच!

स्केच, म्हणजे हे छोटं विनोदी नाटुकलं, वाईट नाही. पण २२ ऑक्टोबर २०१६ च्या त्या एपिसोडमधून लोकांच्या लक्षात एवढंच राहावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच रात्री, त्याच हँक्सला घेऊन 'ब्लॅक जेपर्डी' झालं होतं. कृष्णवर्णीय स्पर्धकांचा प्रश्नमंजुषेचा खेळ आणि त्यात ट्रम्प समर्थकांची लाल टोपी घातलेला गोरा डग, म्हणजे हँक्स. आता याची टर उडवणार, असं वाटत असतानाच त्याची उत्तरं बरोबर यायला लागतात. नवा आयफोन 'तुमच्याच सुरक्षिततेसाठी' अंगठ्याचा ठसा मागतो म्हणे, यावर डगचं उत्तर: छे, असंच अडकवतात आपल्याला. शेजारच्या दोघी खूश, सूत्रसंचालक केनन थॉम्प्सन खूश. तो हात मिळवायला पुढे येतो आणि डग दचकून मागे सरतो. मग सावरून हात पुढे करतो. तेवढ्या दोन सेकंदांत त्या वर्षीची अख्खी अमेरिका आहे. राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान १७ दिवसांवर होतं. एपिसोडच्या सुरुवातीला अ‍ॅलेक बाल्डविनने ट्रम्पची नक्कल केलीच होती, ती सोपी होती. हे अवघड होतं.

बेधडक:
साफ असहमत. निरर्थक विनोद म्हणजे हलका विनोद, हे गृहीतच मला मान्य नाही.

पम्पकिन्सच्या स्केचमध्ये पम्पकिन्स काहीच करत नाही, सगळं काम ते जोडपं करतं. केट मॅकिनन आणि बेक बेनेट अगदी रास्त शंका काढतात: हा कुठल्या सिनेमातला आहे का? इथला कोणी प्रसिद्ध माणूस आहे का? आणि ते सांगाडे कशाला? उत्तर येतं, ते त्याचाच भाग आहेत! लिफ्टवाला (इथेही केननच) वैतागून सांगतो की शंभर मजले आहेत, सगळेच भारी कसे निघतील. म्हणजे आपल्या मनातला प्रत्येक प्रश्न विचारला जातो आणि एकाही उत्तराने समाधान होत नाही. शेवटी दार उघडतं तर सांगाडे आहेत, पम्पकिन्स नाही. तो लिफ्टमध्येच, त्यांच्या पाठीमागे! आणि ते दोघं खरोखर किंचाळतात. लेखक मिकी डे, बॉबी मॉयनिहान आणि स्ट्रीटर सायडेल यांनी हे किती घट्ट विणलंय ते बघा. एक प्रश्न काढला तरी डोलारा कोसळतो.

एडिसनवासी:
बेधडक यांना +१. इकडे न्यू जर्सीत आमच्या मुलांना डग दाखवला तर आधी अर्धा तास २०१६ समजावून सांगावं लागतं. पम्पकिन्सला काहीच समजावावं लागत नाही. दहा वर्षांचं पोरही हसतं, आजोबाही हसतात. ही लहान गोष्ट नव्हे.

माळरान:
मी रातराणींच्या बाजूने, पण कारण वेगळं. पम्पकिन्सला त्याच्या लोकप्रियतेनेच मारलं. 'हा आहे तरी कोण?' एवढ्यावर सगळी गंमत उभी होती. मग २०१७ मध्ये एनबीसी वाहिनीने त्याच्यावर हॅलोविनचा अ‍ॅनिमेटेड स्पेशल काढला. २०२२ मध्ये रॅपर जॅक हार्लो पाहुणा होस्ट असताना हँक्सला पुन्हा तोच सूट घालून आणलं. आता दार उघडलं की स्टुडिओत आधी टाळ्या. ज्याला सगळे ओळखतात त्याच्याबद्दल कोडं कसं पडणार? हे एकदाच घडायला हवं होतं.

बेधडक:
पुढच्या भागांबद्दल मान्य. त्याचा दोष मूळ स्केचला का? आणि 'ब्लॅक जेपर्डी' तरी कुठे एकदाच झालं? हँक्स येण्याआधीच ते तीनदा होऊन गेलं होतं.

मला डगचंच स्केच जरा गुळगुळीत वाटतं. संशयी स्वभाव सारखा, आवडीनिवडी सारख्या, म्हणजे माणसं सारखीच, असं सांगून प्रेक्षकांना छान वाटायला लावणं. ज्या माणसाच्या मतामुळे शेजारणीच्या आयुष्यावर परिणाम होणार आहे, त्याच्याशी इतक्या सहज जुळतं?

एडिसनवासी:
हा मुद्दा मात्र बिनतोड. २०१६ चा तो नोव्हेंबर इथे काढलेल्यांना ते 'छान वाटणं' फार दिवस पुरलं नाही.

रातराणी:
नाही, इथे तुम्ही दोघंही शेवट विसरताय. 'अगदी सहज जुळतं' असं ते स्केच म्हणतच नाही. शेवटच्या फेरीचा विषय जाहीर होतो: 'कोणाच्या जिवाला किंमत आहे'. कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' चळवळीचा सरळ उल्लेख. सगळे डगकडे बघतात. केनन म्हणतो, चाललं तोवर बरं चाललं, डग. डगकडे यावर सांगण्यासारखं बरंच काही आहे, आणि त्याचं उत्तर काय असेल हे त्या स्टुडिओतल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी लेखक ब्रायन टकर आणि मायकल चे ते उत्तर ऐकवत नाहीत. गोड करायचं असतं तर हात मिळवला तिथेच थांबले असते. कुठे जुळतं ते त्यांनी दाखवलं आणि कुठे तुटतं तेही दाखवलं, तेही मध्यरात्री, लाइव्ह, निवडणूक तोंडावर असताना. यात गुळगुळीत काय आहे ते मला दाखवा.