स्मिता पाटील म्हटलं की आपण "उंबरठा"च का सांगतो? मला "मंथन" मोठा वाटतो

दांडियाबाजारकर

रविवारी आमच्याकडे आठ-दहा माणसं जेवायला होती. सगळी इथलीच, तीन-तीन पिढ्या बडोद्यात काढलेली. स्मिता पाटीलचा विषय निघाला आणि सगळ्यांनी एका सुरात "उंबरठा" म्हटलं. मी "मंथन" म्हणालो, तर मेहुणीने तिथल्या तिथे अडवलं, "भाऊजी, त्यात तिला काम तरी केवढं आहे?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहितो.

काम केवढं हा मुद्दाच मला पटत नाही. "मंथन" 1976चा. गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये दिले आणि त्या पैशांवर तो उभा राहिला. चित्रीकरण राजकोटजवळ सांगणवा गावात झालं. पुण्यात जन्मलेली, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगणारी वीस वर्षांची मुलगी त्या गावात म्हशीवाली बिंदू होऊन उभी राहते आणि कुठेही उपरी वाटत नाही. तिची चाल बघा, ओढणी सावरणं बघा. माझ्या लहानपणी आमच्याकडे दूध घालायला पादरा गावाकडची एक बाई यायची. ती दारात अशीच उभी राहायची, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. पैसे मोजताना वर बघायची नाही. "मंथन" पाहताना मला पहिल्यांदा ती बाईच आठवली, नटी नंतर.

आणि तो अंगठा. बिंदूचा नवरा परत येतो आणि गावात दुधाची सहकारी संस्था काढायला आलेल्या डॉक्टर रावांविरुद्धच्या कागदावर तिचा अंगठा घेतला जातो. ज्या माणसावर तिने विश्वास टाकला, त्याच्याच विरुद्ध. "उंबरठा"तल्या सुलभाला बोलायला वाक्यं आहेत, राजीनामा लिहायला हात आहे. बिंदूला काहीच नाही. नुसत्या चेहऱ्यावर एवढं पेलणं मला जास्त अवघड वाटतं.

तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणी सांगा.

रावपुऱ्याची लेक

दादा, मुळीच पटलं नाही. मी बावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षक होते (कुठल्या ते सांगत नाही). "उंबरठा" मी नोकरी लागण्याआधी एकदा पाहिला होता आणि पाच वर्षं काढल्यावर पुन्हा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना मधेच उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

तुम्ही म्हणता सुलभाला वाक्यं आहेत. पण तिची वाक्यं ऐकतं कोण? ती बायकांच्या सुधारगृहात अधीक्षक म्हणून येते तेव्हा तिला वाटतं की नीट नियम लावले, प्रेमाने वागलं तर सगळं सुधारेल. मग एकेक कळत जातं. मंडळावरच्या बायकांना सभा आणि चहा-फराळ पुरतो. आमदाराला आतल्या बायका कशासाठी हव्यात ते कळतं. दोन बायका एकमेकींवर प्रेम करतात म्हणून काय गोंधळ होतो! आणि प्रत्येक वेळी उत्तर तिनेच द्यायचं. त्या सिनेमात तिची पाठ आधी ताठ असते आणि हळूहळू खांदे कसे उतरत जातात ते बघा. मी माझ्या आरशात तेच पाहिलंय. रात्री अकराला फाटक वाजलं की पोटात गोळा यायचा. फाटकाच्या आवाजाकडे ती ज्या तऱ्हेने मान वळवते, ते कुणी शिकवून येत नाही.

बिंदू चांगलीच आहे. पण बिंदू ही आपण लांबून पाहिलेली बाई. तुम्हीच लिहिलंत ना, दारात उभी राहायची म्हणून? सुलभा घराच्या आतली आहे, म्हणून ती टोचते.

फतेहगंज 77

दोघांनाही नमस्कार. मी फार सिनेमे पाहणारा नाही, पण एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. "मंथन" आणि "उंबरठा" दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. दोन्हींत समोर गिरीश कार्नाड, तिथे डॉक्टर राव, इथे सुलभाचा नवरा. मध्ये सहा वर्षं. म्हणजे लिहिणारा तोच, पुरुष तोच, बाई तीच. "मंथन"मध्ये कार्नाड गाव सोडून निघून जातात आणि बिंदू मागे राहते. "उंबरठा"त कार्नाड घरात राहतात आणि ती निघून जाते. मला तर हे दोन सिनेमे एकमेकांचे पूर्वार्ध-उत्तरार्ध वाटतात. वेगळे काढून तोलायचे तरी कसे?

मांडवीच्या आजी

मला मात्र "उंबरठा" कधीच पटला नाही, आणि हे मी स्पष्ट सांगते. पोर घरी टाकून बाई कामाला जाते, परत येते तेव्हा नवऱ्याचं दुसरीकडे सूत जुळलेलं, पोर जाऊबाईंची झालेली. मग पुन्हा निघून जाते! अगं, त्या मुलीचं काय? दिग्दर्शक जब्बार पटेल मोठे, स्मिता मोठी, पण शेवटी गाडीत बसलेली ती पाहून मला तिच्याबद्दल वाईट नाही वाटलं, त्या पोरीबद्दल वाटलं. माझ्या वयाच्या बायकांना विचारा, निम्म्या तरी हेच म्हणतील.

मला तिची "जैत रे जैत"मधली चिंधी आवडते. ठाकरवाडीतली, मनात आलं ते करणारी. मोहन आगाशेंचा नाग्या मधमाश्यांच्या मागे वेडा आणि ही त्याच्या मागे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी मी आधी वाचली होती, तरी चिंधी पडद्यावर जास्त जिवंत वाटली.

रावपुऱ्याची लेक

आजी, तुमचा मान ठेवून बोलते. सुलभाचा नवराही वकिली सोडून मुलीपाशी बसला नव्हता. त्याला कुणी विचारलं नाही, "पोरीचं काय?" मीही माझ्या मुलाला सासूबाईंपाशी ठेवून वसतिगृहावर राहत होते. तो आज चाळिशीचा आहे, आमचं छान आहे. पण त्या वर्षांत मला जो तो हेच विचारायचा, जे तुम्ही सुलभाला विचारताय. ह्यांना एकदाही कुणी विचारलं नाही.

मांडवीच्या आजी

तुझं खरं असेल बाई. तुझं पोर तुझ्याकडे परत आलं. तिची राणी आलेली सिनेमात दिसत नाही. मी सिनेमात दिसलं त्यावर बोलते आहे.

अलकापुरीतला

मंडळी, 1982 हे एकच वर्ष घ्या. "उंबरठा", "बाजार", "अर्थ", आणि त्याच वर्षी अमिताभबरोबर "नमक हलाल" आणि "शक्ती". मी "नमक हलाल" थिएटरात तीनदा पाहिला, पावसातल्या गाण्यासाठी, हे मोकळेपणी सांगतो. त्या गाण्यात ती मनापासून नाचते. गंभीर सिनेमावाले लोक त्याच्याकडे नाक मुरडतात, ते मला आवडत नाही. चार आण्याचं तिकीट काढून आलेल्या माणसासाठीही तिने अंग चोरलं नाही.

आणि "अर्थ"? सगळे शबाना आझमीचं कौतुक करतात, ते रास्तच. पण दुसऱ्याचा संसार मोडणाऱ्या कविताची भूमिका करायला छाती लागते. आमच्या आईने सिनेमा संपेपर्यंत तिला शिव्या घातल्या आणि शेवटी म्हणाली, "बिचारी वेडी झाली रे." ज्या बाईचा राग यायचा तिचीच दया यावी, हे स्मितानेच करावं.

फतेहगंज 77

चार आण्याचं तिकीट 1982मध्ये नव्हतं हो, पण मुद्दा पोचला.

कारेलीबागची सून

माझं माहेर पुण्याचं, सासर गुजराती, आणंद तालुक्यातलं. त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येतं. "मंथन"मधली बोली माझ्या सासरच्यांना खटकते. ना धड आमच्या आणंदकडची चरोतरी, ना धड काठियावाडी, हिंदीला गुजराती फोडणी दिलेली. "मिर्च मसाला"चंही तसंच. गुजराती बोललेली स्मिता हवी तर केतन मेहतांचा "भवनी भवाई" पाहा, 1980चा. तिथे ती उजाण आहे आणि भाषा खरी आहे. बडोद्यात राहून आपण मराठी लोकांनी तो पाहिलेला नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरी "मिर्च मसाला"बद्दल एक सांगते. शेवटी सुभेदाराच्या डोळ्यांत मिरचीची पूड उडते, ते सगळ्यांना आठवतं. मला त्याच्या आधीचं आठवतं. मिरचीच्या कारखान्याचं दार आतून बंद आहे, आणि आतल्याच बायका सुभेदारापासून लपलेल्या सोनबाईला, म्हणजे स्मिताला, म्हणतात, जा बाई बाहेर, तुझ्यामुळे आमच्यावर संकट. ती जात नाही. तेव्हा तिचा जो चेहरा आहे, त्यात भीती आणि हट्ट वेगळे काढता येत नाहीत. तो सिनेमा लोकांपर्यंत पोचला 1987मध्ये. ती 13 डिसेंबर 1986ला गेली होती, 31 वर्षांची.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचं वाचलं. रावपुऱ्याच्या ताई, "लांबून पाहिलेली बाई" हे लागलं. खरं आहे. त्या दूधवालीचं नावही मला कधी माहीत नव्हतं, आईला होतं. "उंबरठा" या नजरेने पुन्हा पाहीन. फतेहगंजचे भाऊ म्हणतात तो कार्नाडांचा मुद्दा मात्र मला माझ्याच बाजूचा वाटतो. निघून जाता येणं हीसुद्धा ऐपत आहे. सुलभाला गाडीचं तिकीट काढता येतं. बिंदूने कुठे जायचं? म्हणून माझं मत अजून "मंथन"च.

रावपुऱ्याची लेक

दादा, तिकीट काढता येणाऱ्या बायका किती जणी खरंच गाडीत बसतात, ते मी बावीस वर्षं पाहिलंय. माझंही मत बदललेलं नाही.

कारेलीबागची सून

काल हा सगळा वाद सासूबाईंना गुजरातीत सांगितला. त्यांनी चाळीस वर्षं गावच्या दूध मंडळीत, म्हणजे सहकारी संस्थेत, सकाळ-संध्याकाळ दूध भरलं. "मंथन" त्यांच्या गावच्या लोकांनी ट्रक भरभरून जाऊन पाहिला होता, त्याही गेल्या होत्या. मी विचारलं, बिंदू कशी वाटली? म्हणाल्या, चांगली होती, पण मला एकच बघायचं होतं, मंडळीच्या वहीत तिचं नाव लागतं की नाही. आमच्या घरचं दूध मी काढायचे, मीच भरायचे, आणि वहीत नाव तुझ्या सासऱ्यांचं होतं.