जुन्या पेट्रोल गाड्यांना २० टक्के इथेनॉल मानवते का?

राजारामपुरीकर (मूळ मांडणी)

माझ्याकडे २०११ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. नवी घेतल्यापासून ती मीच चालवतो आणि तिचा प्रत्येक आवाज माझ्या ओळखीचा आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत, इंधनाच्या पानावर, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल चालेल, त्याहून अधिक वापरू नये, असे स्पष्ट छापलेले आहे. आज मात्र कोल्हापुरातल्या कोणत्याही पंपावर गाडी लावली, तरी टाकीत जाते ते २० टक्के मिश्रणाचेच पेट्रोल. गाडी बनवणाऱ्याने लेखी दिलेली सूचना पाळण्याची माझी इच्छा असूनही ती पाळण्याची सोय उरलेली नाही, ही माझी मूळ तक्रार आहे.

माझा अनुभव दोन प्रकारचा आहे. पहिला ॲव्हरेजचा. मी टाकी पहिल्या कटपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरून, पुन्हा त्याच पंपावर त्याच कटपर्यंत भरून हिशेब करतो. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबत नाही. महामार्गावर लिटरला १७ किलोमीटर देणारी गाडी आता १६ च्या खाली आली आहे. हा माझ्या मनाचा खेळ नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणावर जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नमूद आहे.

दुसरा अनुभव अधिक काळजीचा आहे. गाडी बंद केल्यावर पेट्रोलचा वास येऊ लागला म्हणून गॅरेजमध्ये नेली. टाकीकडून इंजिनाकडे येणारी रबरी नळी जिथे क्लिपखाली आवळलेली असते, तिथे ती फुगून क्लिपच्या दोन्ही अंगांना बाहेर आली होती. मिस्त्रींनी ती कापून हातात दिली. बाहेरून बारीक भेगा पडलेल्या होत्या आणि आतून बोट फिरवले, तर काळा चिकट थर बोटाला लागत होता. तापलेल्या इंजिनाजवळ अशी नळी पाझरत राहिली असती तर काय झाले असते, हे येथे जमलेल्या मंडळींना सांगायला नको.

माझी मागणी इथेनॉल बंद करण्याची नाही. जुन्या गाड्यांसाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल सोबत उपलब्ध ठेवावे, एवढीच आहे, आणि ही शिफारस नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात होती.

शिरोळचा शेतकरी

मी ऊस लावतो आणि माझ्या दारात २०१४ सालची पेट्रोल सेदानही उभी असते, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला लागू पडतात. आपल्या मांडणीशी मी सहमत नाही.

ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, असे ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ सांगतो. इथेनॉलचा जोर वाढण्यापूर्वी ही मुदत कित्येक हंगामांत कागदावरच राहिली. साखर गोदामात पडून राहायची, केंद्र सरकार ठरवून देईल तेवढाच कोटा महिन्याला विकता यायचा, कर्जावरचे व्याज चढत राहायचे आणि अखेर बिल थकायचे ते आमचे. सोसायटीचे कर्ज, मुलांची फी, पुढच्या लागणीचे बियाणे, सगळे त्या बिलावर टांगलेले असते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे दर मिळतो आणि एक टन उसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल निघते. आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत दिसणाऱ्या चारचाकी कोणाच्या पैशावर उभ्या आहेत, याचाही विचार व्हावा.

आता गाडीचे. माझ्या सेदानला इंधनामुळे आजवर काही झालेले नाही. ॲव्हरेज किंचित कमी वाटते, पण कागल ते सातारा महामार्गाचे सहापदरीकरण चालू असताना, ठिकठिकाणी सेवा रस्त्यावर उतरून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकताना, कोणत्या गाडीचे ॲव्हरेज टिकेल? आणि पंधरा वर्षांची रबरी नळी पूर्वीसारखे पेट्रोल भरले असते, तरी कधीतरी बदलावीच लागली असती. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. त्यातला थोडा पैसा आपल्या शिवारात राहत असेल, तर एका नळीचा खर्च मला जड वाटत नाही.

पद्मिनीप्रेमी, मंगळवार पेठ

जुनी गाडी म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर इंजेक्शनची (संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणारी) गाडी येते, म्हणून कार्बोरेटरवाल्यांच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारे जुने यांत्रिक उपकरण असलेल्या गाड्यांच्या, वतीने लिहितो. माझी प्रीमियर पद्मिनी वडिलांच्या काळापासून घरात आहे.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ पट. म्हणजे इथेनॉल वाढले, की तेवढ्याच हवेला इंधन अधिक द्यावे लागते. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरकडच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) मर्यादेत राहून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला डोळे नसतात. जेटचे, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक तोटीचे, भोक जेवढे, तेवढेच इंधन. परिणामी मिश्रण पातळ होते, सकाळी चोक ओढूनही गाडी खोकते, चढावर पाय दाबला की क्षणभर रिकामी पडते आणि इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापते. पन्हाळ्याच्या चढावर हे मला स्पष्ट जाणवले.

कार्बोरेटरमधली इंधन साठणारी फ्लोटची वाटी उघडली तेव्हा तळाशी पांढुरका भुकटीसारखा थर बसलेला होता. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, की जस्तमिश्रित धातूला ते पाणी खाऊ लागते. उद्यमनगरातल्या एका जुन्या कारागिराकडून मुख्य जेट एक पायरी मोठा करून घेतला, फ्लोटची सुई व गॅस्केट बदलली आणि आता गाडी बरी चालते. परंतु असा कारागीर प्रत्येक गावात भेटत नाही. शिवाय जेट मोठा केल्यावर इंधन आणखी जळते, तो खर्च वेगळाच.

शेतकरीदादांच्या व्यथेबद्दल मला आदर आहे. पण शेतकऱ्याला वेळेवर पैसे मिळावेत आणि माझ्या गाडीला सोसेल असे इंधन मिळावे, या दोन मागण्यांत भांडण लावण्याचे कारण मला दिसत नाही.

नागाळा पार्ककर

माझी टर्बो पेट्रोल गाडी २०२५ ची आहे आणि इंधनाच्या झाकणाआड २० टक्के मिश्रण चालेल अशी खूण आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांतले इंधनमार्गाचे सुटे भाग या मिश्रणाला टिकणारे आहेत आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनेही त्यासाठी जुळवलेली आहेत. या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक (दाबाखाली अवेळी न पेटण्याच्या क्षमतेचे माप) ९५ असतो, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचा ९१ होता. अनुस्कुरा घाटात चार माणसे आणि सामान घेऊन चढताना इंजिन कुठेही खडखडत नाही, आणि मला ही इंधनाची जमेची बाजू वाटते.

सगळ्या देशाने जुन्या गाड्यांसाठी थांबायचे, तर कोणतेही नवे मानक कधीच येणार नाही. शिवाय पंपावर जमिनीखालच्या टाक्या मोजक्याच असतात. दोन प्रकारचे पेट्रोल वेगवेगळे साठवणे आणि टँकरने वेगळे पोहोचवणे बोलायला सोपे आहे, करायला नाही. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली आहे, हेही ध्यानात घ्यावे.

राजारामपुरीकर

ऑक्टेनचा मुद्दा आपल्या गाडीपुरता बरोबर आहे. पण वाढीव ऑक्टेनचा फायदा ज्या इंजिनाचा दाब आणि ठिणगीची वेळ त्यासाठी ठरवलेली आहे, त्यालाच मिळतो. माझ्या जुन्या, कमी दाबाच्या इंजिनाच्या वाट्याला फक्त घटलेली ऊर्जा येते. टाक्यांचे म्हणाल, तर प्रीमियम पेट्रोलसाठी अनेक पंपांवर वेगळी टाकी आणि वेगळी नळी आधीपासून आहे. ज्याला अधिक पैसे मोजायचे आहेत त्याच्यासाठी जागा निघते, मग पुस्तिकेतली सूचना पाळू पाहणाऱ्यासाठीच ती का निघू नये? न्यायालयाने याचिका फेटाळली, म्हणून सरकारकडे मागणी करण्याचा नागरिकाचा हक्क संपत नाही.

शेतकरीदादांनी महामार्गाच्या कामाचा मुद्दा काढला. शहरातल्या शहरात, जिथे रस्ते होते तसेच आहेत, तिथेही मला त्याच प्रमाणात घट दिसते आहे. आणि उसाच्या पैशाबद्दल मला नम्रपणे विचारावेसे वाटते, की पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल अजूनही मुख्यतः उसाचेच आहे का? डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्रानेच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते. त्यानंतर मका आणि तांदळापासूनच्या इथेनॉलचा वाटा वाढत गेला आणि २०२३-२४ च्या पुरवठ्यातच तो उसाच्या वाट्याहून मोठा झाला. आमच्या टाकीतला प्रत्येक थेंब शिरोळच्या शिवारातून येतो, असे मानून हा त्रास सोसावा, हे मला पटत नाही.

ब्राझीलचे उदाहरण वारंवार दिले जाते. तिथे २००३ पासून कोणत्याही प्रमाणातले इथेनॉल जाळू शकणाऱ्या फ्लेक्स-फ्यूएल गाड्या मिळतात आणि पंपावर इथेनॉल वेगळेही मिळते. त्याचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तेव्हा ते भरणे परवडते, हा हिशेब तिथले चालक स्वतः करतात. म्हणजे ऊर्जा कमी असलेल्या इंधनाचा भावही कमी असतो. आपल्याकडे ॲव्हरेज घटले, भाव मात्र उतरला नाही. ग्राहकाची ही घट करसवलतीने भरून काढावी, असेही नीती आयोगाने सुचवले होते.

शिरोळचा शेतकरी

मक्याचा वाटा वाढला, हे खरे आहे. पण मकाही शेतकरीच पिकवतो, आणि रसावरचे निर्बंध हा आमच्यावरचा अन्याय होता. त्याचा दाखला आमच्याच विरोधात देऊ नये. भावाच्या बाबतीत मात्र मी आपल्या बाजूने उभा आहे. ऊर्जा कमी असेल तर दर कमी असायला हवा, यात शेतकऱ्याचे काही जात नाही, कारण आम्हाला मिळणारा दर कारखान्याच्या दारात ठरतो, पंपावर नाही. १० टक्क्यांची वेगळी नळी सुरू केली, तर लोक सवयीने तिकडेच वळतील आणि इथेनॉलची उचल कमी होईल, ही माझी भीती तरीही कायम आहे.

शाहूपुरीकर

या चर्चेत पाण्याचा विषय पुरेसा आलेला नाही. व्हीनस कॉर्नरच्या परिसरात राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ चा पूर विसरता येत नाही. इथेनॉलयुक्त पेट्रोल थोडे पाणी सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. गाडीचा फ्यूएल पंप इंधन खेचतो तो तळातूनच. पंपाच्या भूमिगत टाकीत पुराचे पाणी शिरले, तर पूर्वी तळाशी निव्वळ पाण्याचा थर सापडायचा, आता इथेनॉल ओढून घेतलेला मोठा थर सापडेल आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असेल. पूर ओसरल्यावर पंप पुन्हा सुरू होण्यापूर्वी टाक्यांची तपासणी कशी झाली, हे ग्राहकाला पाहायला मिळाले पाहिजे. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल, तर टाकी अर्धी न ठेवता भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही.

उद्यमनगरकर, सुट्या भागांच्या व्यवसायातील

दोन्ही बाजूंनी बोलले जाते त्यापेक्षा प्रश्न लहान आहे आणि म्हणूनच सुटण्याजोगा आहे. इंजिन जाते, पिस्टन जातो, असे आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत मी पाहिलेले नाही. जातात ते नायट्राइल रबराचे भाग: नळ्या, ओ-रिंग, इंजेक्टरची सील, टाकीवरचे गॅस्केट. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले, की काही जुन्या गाड्यांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, आणि हा खर्च किरकोळ असल्याचे सांगितले. भाग स्वस्त असतात, हे मला मान्य आहे. पण टाकी उतरवायची मजुरी, त्या दिवसाची बुडालेली रोजी आणि नळी फाटेपर्यंत कोणालाच न कळणे, हे त्या किरकोळात धरलेले नाही. त्यामुळे राजारामपुरीकरांची १० टक्क्यांची मागणी मला रास्त वाटते. ती मान्य होईपर्यंत मात्र गाडी वाऱ्यावर सोडता येणार नाही.

नळी बदलताना दुकानात "पेट्रोलची नळी द्या" एवढेच सांगू नका. इंजेक्शनच्या गाडीसाठी आतून फ्लोरो-रबराचा थर असलेली, एसएई जे-३० आर-९ दर्जाची नळी मागा. हा दर्जा नळीच्या अंगावर छापलेला असतो, तो स्वतः वाचून घ्या. काहीच न छापलेली काळी नळी मीटरवर कापून मिळते, तिचा भावही निम्म्याहून कमी असतो, आणि राजारामपुरीकरांनी वर्णन केलेली नळीची तक्रार घेऊन जे लोक वर्षभरातच पुन्हा येतात, त्यांच्या गाडीतून बहुतेक वेळा तीच नळी निघते.