बरीने ९१ कोटी डॉलर लावलेच नव्हते

भाऊ, 'मायकेल बरीने पॅलंटिरवर ९१ कोटी डॉलरचे पुट घेतले, आपणही बाजार पडायची तयारी करावी का', असं तुम्ही विचारलंय. बरी म्हणजे २००८ची पडझड आधीच हेरणारा अमेरिकी गुंतवणूकदार, पॅलंटिर ही तिथली सॉफ्टवेअर कंपनी, अन् पुट म्हणजे शेअर ठरलेल्या भावाला विकायचा हक्क; शेअर पडला की त्यात फायदा. तेवढे त्याने लावलेच नव्हते. अमेरिकेत मोठे फंड दर तिमाहीला आपली गुंतवणूक दाखवतात, त्या १३एफ विवरणात पुटसमोर दिसते ती त्यामागच्या शेअर्सची पूर्ण बाजारकिंमत, पुट घ्यायला भरलेला प्रीमियम नव्हे. पीकविम्याच्या पावतीवरची विमा रक्कम वाचून 'एवढा हप्ता भरला काय बाप्पा!' म्हणण्यातली गत. नोव्हेंबर २०२५मध्ये बरीने स्वतःच हिशोब मांडला: ५०,००० कॉन्ट्रॅक्ट, प्रत्येकी १०० शेअर, पुटचा भाव शेअरमागे १.८४ डॉलर. करा गुणाकार, ९२ लाख डॉलर. स्ट्राइक, म्हणजे विकायचा ठरलेला भाव, ५० डॉलर, मुदत २०२७. अन् शेअर तेव्हा दीडशेच्या वर!

ही स्ट्राइक अन् मुदत विवरणात नसतेच. शॉर्ट पोझिशन (उसने शेअर विकून पडझडीवर लावलेले सौदे) नाहीत, विकलेले ऑप्शन नाहीत. त्यामुळे तो पुट पैज आहे की हेज (दुसऱ्या सौद्यातला तोटा झाकायची तजवीज), हे कळायला मार्ग नाही. वर तिमाही संपल्यावर विवरण भरायला ४५ दिवस. तोवर गडी सौदा कापून मोकळाही झाला असेल.

आपल्याकडे एनएसई रोज एफआयआयचं (परदेशी गुंतवणूक संस्थांचं) ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले सौदे, देते, ताजं असतं, पण सगळ्यांचं एकगठ्ठा.

यवतमाळकडे कापसाचे चुकारे हाती आले की टेलिग्रामवाले असले 'बरी ट्रेड' घेऊन येतात. त्यांना आधी स्ट्राइक अन् मुदत विचारा.