मदत हवी आहे: कुर्दिस्तानात बारा दिवस, निवांत

चारुता_क:
नमस्कार. तीन आठवडे रोज रात्री नकाशा उघडून बसते आणि दर वेळी एक मुक्काम वाढतो. आम्ही दोघी जातोय. तिकीट २२ मार्चचं, हातात १२ दिवस. यादी: अर्बिल, सुलेमानिया, हलब्जा, रवांदुझ, दोहोक, अमेदी, जमलं तर पलीकडे मार्दिन, दियारबाकिर आणि वान. धावपळ नको, निवांत हवंय. काय गाळू? 'तिथे सुरक्षित आहे का' हा प्रश्न कृपया नको, त्यावर घरात पुरेसं झालंय. लवकर सांगा, हॉटेलं बुक करायची आहेत.

डोंगरवेडा:
नऊ ठिकाणं, बारा दिवस आणि वर निवांत! शहरं सगळी गाळा. चोमान गावात तळ ठोका आणि हलगुर्द शिखर करा, ३६०७ मीटर. बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल.

सुबोधकाका:
ताई, आधी सांगा, पासपोर्ट कुठला, विमान कुठून, तुर्कीचा व्हिसा आहे का? कुर्द लोक चार देशांत विभागलेत. तुमच्या यादीतली पहिली सहा नावं इराकमधली, उरलेली तीन तुर्कीतली. भारतीय पासपोर्टवर तुर्कीचा ई-व्हिसा मिळतो, पण अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा किंवा निवास परवाना असेल तरच. नाहीतर वकिलातीतून स्टिकर व्हिसा, त्याला वेळ लागतो.

पेठकरीण:
मुंबईहून इस्तंबूलमार्गे जा, सामान जास्त नेता येतं. आम्ही इस्तंबूल-कपाडोक्या केलं तेव्हा...

चारुता_क:
मी दुबईत असते, इथून अर्बिलला थेट विमान आहे. पासपोर्ट भारतीय. इराकचा व्हिसा आलाय, तुर्कीचा नाही. हे लिहायचं राहिलं.

सुबोधकाका:
मग तीन नावं आपोआप गळाली की!

चारुता_क:
वान गाळायचं जिवावर आलंय. तलावातल्या बेटावरचं ते दहाव्या शतकातलं चर्च पाहायचं होतं.

हौलेरकर:
मी अर्बिलमध्ये तीन वर्षं बांधकामाच्या कामावर होतो. (तिथली माणसं अर्बिलला हौलेर म्हणतात, म्हणून हे नाव.) वान पुढच्या वेळी. मात्र २२ मार्च ही तारीख पाहून जीव कळवळला. नवरोजची, म्हणजे कुर्दांच्या नववर्षाच्या सणाची, मुख्य रात्र २० मार्चची. अक्रे गावात पोरंसोरं हातात मशाली घेऊन डोंगर चढतात, खालून पाहिलं की अंधारात ज्वाळांची रांग वर सरकताना दिसते. दोन दिवसांनी हुकताय. तिकीट बदलता येत असेल तर १८ ला पोचा.

शिवाय एक विचारायचं राहिलं, दुसऱ्या कोण? वय काय? चढाउतरायला जमतं का?

चारुता_क:
आई. ६८. एक गुडघा कुरकुरतो. शाकाहारी आहे, अंडंही नाही.

डोंगरवेडा:
हे आधी सांगायचं ना! मी हलगुर्द सुचवून बसलो.

हौलेरकर:
@डोंगरवेडा, मार्चमध्ये हलगुर्दवर बर्फच असतं. आणि इराण सीमेकडच्या डोंगरांत इराण-इराक युद्धातले भूसुरुंग अजून आहेत. स्थानिक वाटाड्याशिवाय पायवाट सोडायची नाही, आणि हे तरण्या माणसांनाही लागू. तुर्की सीमेलगतच्या डोंगरांपासूनही लांबच बरं.

डोंगरवेडा:
वाटाड्या घेऊनच म्हणत होतो. उगाच घाबरवू नका.

मिरजेचा_नातू:
अवांतर: आमचे पणजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ताई, जमलं तर तिकडेही डोकावा.

सुबोधकाका:
नातू, कूत बगदादच्याही दक्षिणेला. कुर्दिस्तानाशी संबंध नाही. मुंबईला जाणाऱ्याला 'जाता जाता गोव्याला डोकाव' म्हणण्यातला प्रकार.

मिरजेचा_नातू:
मी फक्त आठवण सांगितली.

स्पितीप्रेमी:
आईंना घेऊन एवढ्या लांब कशाला? त्यापेक्षा स्पिती. गोंपा, डोंगर, सगळं आहे, व्हिसा नाही.

चारुता_क:
स्पितीत मला आईबरोबर श्वास मोजत बसायचं नाहीये. हौलेरकर, तिकीट बदललं, १८ ला पोचतोय. पैसे गेले ते गेले. आता सांगा.

हौलेरकर:
छान. तीन मुक्काम पुरे: अर्बिल, दोहोक, सुलेमानिया. बाकी सगळं त्यांतूनच.

अर्बिलला किल्ल्याच्या पायथ्याशी राहा. किल्ला २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण आईंना खालचा कैसरी बाजार जास्त आवडेल. २० ला टॅक्सी पूर्ण दिवसासाठी ठरवा आणि दुपारीच अक्रे गाठा. डोंगर चढू नका, खालून दिसतं ते उत्तम. रात्री परतताना गाड्यांची तुंबळ गर्दी होते, म्हणून चालकाला आधीच सांगून तिथूनच दोहोकला निघा.

दोहोकहून एक दिवस अमेदी, सपाट माथ्याच्या डोंगरावर वसलेलं गाव. एक दिवस लालिश, यझिदी या तिथल्या जुन्या धर्मपंथाचं सर्वांत पवित्र स्थान. लालिशबद्दल नीट सांगतो, कारण गुडघ्याचा प्रश्न तिथेच आहे. आवारात शिरतानाच चपला-बूट काढायचे, मार्चमध्ये दगड गारठलेला असतो, जाड मोजे न्या. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, आणि दगडी उंबरठे बरेच आहेत. आईंना हात द्या. आत खांबांना रंगीत रेशमी कापडं बांधलेली असतात. आधी कुणीतरी मारलेली एक गाठ सोडायची म्हणजे त्याची इच्छा पुरी होते, मग आपली मारायची. माझी गाठ कुणी सोडली का, माहीत नाही, बढती मात्र झाली नाही.

सुलेमानियाला शेअर टॅक्सी करा. गॅरेजमध्ये (टॅक्सीतळाला तिथे हेच म्हणतात) चार माणसं भरली की निघते, घाई असेल तर चारही सीटचे पैसे द्या. तुमचा व्हिसा फक्त इराकच्या स्वायत्त कुर्दिस्तान विभागापुरता असेल तर चालकाला 'डुकानवरून' असं स्पष्ट सांगा, काही जण जवळ पडतं म्हणून किरकुकवरून नेतात, ते विभागाच्या बाहेर आहे.

सुलेमानियात घाई नको. १७८४ मध्ये बाबान घराण्यातल्या इब्राहिम पाशाने वसवलेलं शहर. शआब चायखान्याच्या भिंतींवर कवींचे फोटो आहेत, तिथे बसा. अम्ना सुराका, सद्दामच्या सुरक्षा पोलिसांची जुनी इमारत, आता संग्रहालय. आत अन्फालच्या, म्हणजे सद्दामने कुर्दांविरुद्ध चालवलेल्या संहार-मोहिमेच्या, बळींसाठी १,८२,००० आरशाच्या तुकड्यांचं दालन आहे. आईंना आधी कल्पना द्या. हलब्जा त्याच दिवशी नको. तिथे सद्दामच्या फौजांनी केलेला १६ मार्च १९८८ चा रासायनिक हल्ला, सुमारे ५००० माणसं मेली. दोन्ही एका दिवसात झेपत नाही, मला तरी झेपलं नव्हतं.

पेठकरीण:
पण शाकाहाराचं काय? आम्ही इस्तंबूलला ठेपले नेले होते.

हौलेरकर:
'बे गोश्त' एवढं पाठ करा, बिनमांसाचं. पण रश्शातलं मांस बाजूला काढलं की त्यांच्या लेखी ते बे गोश्तच, तेव्हा भात-राजमा घेतानाही विचारा. मसुराचं सूप, नान, दही, जैतून, काकडी यांवर माणूस मजेत राहतो. याप्राख, म्हणजे द्राक्षाच्या पानांचे डोलमे, यांत बहुतेकदा खिमा असतो. डॉलर रोख न्या, नोटा कोऱ्या, घडी नसलेल्या.

सुबोधकाका:
भाषेला घाबरू नका. यक, दू, से, च्वार, पेंज, आकडे निम्मे आपलेच आहेत.

डोंगरवेडा:
रवांदुझ गाळलंत हौलेरकर? तिथली घळ बघायला गुडघा लागत नाही. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनने १९२८ ते १९३२ मध्ये बांधलेला रस्ता आहे, गाडीतूनच दिसतं सगळं.

हौलेरकर:
हे मात्र मान्य. परतीच्या आधी अर्बिलहून एक दिवस. रात्री तिथेच राहिलात तर आणखी बरं.

चारुता_क:
चार मुक्काम झाले मग. चालेल. आईला वाचून दाखवलं. लालिशला गाठ कसली मारायची हे तिने ठरवलंय म्हणे, सांगत नाहीये. तिचा एकच प्रश्न: चहा दुधाचा मिळतो का?

हौलेरकर:
नाही. छोट्या काचेच्या पेल्यात कोरा, तळाशी बोटभर साखर. ढवळायचा की नाही ते आईंनी ठरवायचं.

पेठकरीण:
दूध पावडर न्या. आम्ही इस्तंबूलला नेली होती.