आरतीच्या झांजा आणि माझा लेक

प्रश्न: लेक 7 वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. गेल्या गणपतीत झांजा सुरू झाल्या आणि तो कान दाबून जिन्याखाली जाऊन बसला, दोन तास निघेना. यंदा सोसायटीत सांगू का? लोकांना वाईट वाटेल?

उत्तर 1: ताई, सांगाच. आमच्या चाळीतल्या काकू आरतीआधी पाच मिनिटं दार वाजवून कळवतात. सकाळची आरती तर सगळ्यांनी नुसत्या टाळ्यांवर ठेवलीय. माझी मुलगी तेव्हा स्वतः तबक धरते!

उत्तर 2: 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता येते. युडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढलंत का? निरामया हा सरकारी आरोग्य विमाही बघा, 1 लाखापर्यंत आहे.

प्रश्नकर्ती: काल सचिवांशी बोलले. म्हणाले, "वहिनी, आधी का नाही सांगितलंत?" त्याला मोदक वळायला बोलावलंय. पीठ मळायला त्याला फार आवडतं.