कुणी गायलाच नाही तो राग 'असतो' का?

सूरसूत्र:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. सतराव्या शतकात कर्नाटक संगीताचा शास्त्रकार वेंकटमखी याने 'चतुर्दंडी प्रकाशिका' या ग्रंथात ७२ मेळ, म्हणजे ज्यांतून राग निघतात असे सात स्वरांचे साचे, मांडले. हिशोब अगदी सरळ आहे, सा आणि प हलत नाहीत, रे-ग च्या जोड्या ६, ध-नी च्या ६, मध्यम दोन, म्हणजे ६ × ६ × २ = ७२. गंमत म्हणजे त्यातले १९ च तेव्हा प्रचारात होते असं तो स्वतःच सांगतो. मग उरलेल्या ५३ चं काय? माझं मत, ते होतेच, त्याने फक्त शोधले. तर्कशास्त्रात आपण 'असा एक क्ष आहे की...' म्हणतो तेव्हा तो क्ष कुणी बघितलाय का हे कोण विचारतं? संगीतालाच वेगळा न्याय का?

रियाझी:
साफ चूक. मेळ म्हणजे राग नव्हे हो. भूप आणि देशकार घ्या, दोघांत सा रे ग प ध, म आणि नी दोघांत वर्ज्य. तुमच्या तर्कशास्त्रातल्या संचाच्या नियमाने घटक तेच तर संचही तोच, म्हणजे एकच राग. पण भूपात गंधार वादी (म्हणजे मुख्य स्वर), चाल पूर्वांगात म्हणजे सप्तकाच्या खालच्या भागात, वेळ रात्रीची आणि देशकारात धैवत वादी, सगळा जोर उत्तरांगात म्हणजे वरच्या भागात, वेळ सकाळची. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलात की देशकार दिसायला लागतो आणि ऐकणारा लगेच भुवया उंचावतो. हे तुमच्या ६ × ६ × २ मध्ये कुठे बसतं? राग गाण्यातूनच घडतो, कोष्टकातून नाही.

सूरसूत्र:
@रियाझी मग वादी-संवादी, चलन (स्वरांची चाल), न्यास (थांबायचे स्वर) सगळं टाका ना व्याख्येत. यादी प्रचंड मोठी होईल एवढंच, मुद्दा तोच राहतो.

काटेकोर:
तर्कशास्त्राच्या नावाने चाललंय म्हणून मधे पडतो. तो उलटा ई (∃), म्हणजे 'असा एक क्ष आहे' असं सांगणारं चिन्ह, ज्याला आपण 'अस्तित्वदर्शक' म्हणतो, तो आकाशातून काही आणून देत नाही. आधी तुम्ही ठरवायचं की कशाबद्दल बोलतोय, ते क्षेत्र ठरलं की मग त्यात अमुक अटीचं काही सापडतं का एवढंच तो सांगतो. कांटने १७८१ मध्येच म्हटलं होतं की 'असणं' हा वस्तूचा गुण नाही, पुढे तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने ते नीट बसवलं, आणि तत्त्वज्ञ क्वाइनने १९४८ मध्ये म्हटलं की तुमच्या सिद्धांतातली चलपदं (ते क्ष, य वगैरे) ज्यावर फिरतात ते मानणं तुमच्यावर बंधनकारक. म्हणजे सूरसूत्र यांनी ७२ मेळ स्वतःच क्षेत्रात घातले आणि मग 'बघा, लॉजिकने दिले' म्हणतायत. स्वतःच ठेवायचं आणि स्वतःच सापडल्याचा आनंद करायचा!

पुरावादाखवा:
मी गणिती ब्रौवरच्या बाजूचा, रचून दाखवाल तरच 'आहे' म्हणणारा, माझ्यासाठी 'आहे' म्हणजे 'हे घे'. दोन अपरिमेय संख्या, एकीचा घात दुसरी, उत्तर परिमेय, अशी जोडी आहे का? जुनी सिद्धता म्हणते √२ चा √२ वा घात परिमेय असेल तर काम झालं, नसेल तर त्याचाच परत √२ वा घात घ्या, २ येतात. झालं सिद्ध! पण दोन्हींतली कुठली जोडी हे ती सिद्धता सांगतच नाही, मला असलं अस्तित्व नको. याउलट बारा स्वरांची अशी मालिका घ्या जिच्यात लागोपाठच्या स्वरांमधली अकराही अंतरं एकेकदाच येतात. संगीतकार फ्रिट्झ क्लाइनने १९२० च्या दशकात अशी मालिका सरळ लिहूनच दाखवली, विषय संपला. तेव्हा वेंकटमखीने कोष्टक मांडलं त्या दिवसापासून मेळ मान्य. त्याआधी नाही.

हरवलेलं_पान:
मग संगीतकार बाखच्या सेंट मार्क पॅशनचं (ख्रिस्ताच्या यातनांवरच्या गायनरचनेचं) काय करायचं? १७३१ मध्ये लायप्झिगला वाजलं, कवी पिकांडरचे शब्द शिल्लक आहेत, संगीत गेलं. नंतर लोकांनी बाखच्याच दुसऱ्या रचनांमधून जुळवून बरीच पुनर्रचना केली, पण मूळ हेच असं कोण छातीठोक सांगणार? 'असं एक संगीत होतं' हे शंभर टक्के खरं, 'हे घे' मात्र कुणालाच म्हणता येत नाही. पुरावादाखवा यांच्या हिशोबाने ते आज आहे की नाही?

पुरावादाखवा:
होतं. आज नाही. मला त्यात काही त्रास वाटत नाही, त्रास फक्त सूरसूत्र यांना आहे.

खर्जवाला:
थोडं अवांतर. २००, ३०० आणि ४०० हर्ट्झ एकत्र वाजवा, कानाला १०० चा सूर लागतो आणि हवेत १०० चं काहीच नसतं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर खर्जातला आवाज कळतो तो बराचसा असाच. आता सांगा तो सूर आहे का नाही?

काटेकोर:
@खर्जवाला अवांतर नाहीये, हेच म्हणतोय मी. हवेतल्या कंपनांच्या क्षेत्रात नाही, ऐकलेल्या स्वरांच्या क्षेत्रात आहे. क्षेत्र न सांगता भांडलात तर रात्र जाईल.

सूरसूत्र:
पण मग एक सांगा. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यांच्या कोष्टकात रिकाम्या जागा सोडल्या आणि १८७५ मध्ये त्यातल्या एका जागेचं गॅलियम सापडलं. इथे पण तेच झालं की, कोष्टक आधी आलं, गाणी नंतर, पुढे कर्नाटक संगीतातले रचनाकार कोटीश्वर अय्यर यांनी ७२ च्या ७२ मेळांत कृती (गाणी) रचल्या. जागा आधीपासून नसती तर भरली कशी?

रियाझी:
गॅलियम खनिजात होतं, कुणी बघो न बघो. मेळ कुठल्या खनिजात होता?

सूरसूत्र:
आणि सात हा आकडा? तोही कुठल्या खनिजात नाही, तरी आहेच ना?

रियाझी:
आकड्यांचं काटेकोरांना विचारा, मी गाणारा माणूस. त्या ७२ पैकी ४० विवादी, म्हणजे खटकणाऱ्या स्वरजोड्यांचे, आहेत हे माहितीये ना? काहींत आपला कोमल रे आणि शुद्ध रे लागोपाठ येतात आणि दुसऱ्याला ग म्हणायचं. कागदावर दोन मिनिटांत मांडून होतं. गळ्यात बसवताना त्या रे वर किती थांबायचं, ग ला हलवायचं की सरळ लावायचं हे कोष्टक सांगत नाही, ते गाऊन गाऊनच ठरतं, आणि ते ठरेपर्यंत माझ्या लेखी तिथे राग नाही.

सूरसूत्र:
ठरतं म्हणजे सापडतंच ना.

रियाझी:
नाही.