सल्ला हवा : मुलांना घेऊन परदेशी निघालेल्या आईचा सिनेमा

मिरजेची_नर्स :
नमस्कार. मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. जर्मनीला जायचं ठरवतेय, भाषेचा क्लास चालू आहे. दोन मुली, मोठी पाचवीत, धाकटी पहिलीत. एकटीच सांभाळते. एका जागी माझा जीव कधी रमला नाही. सांगली, पुणे, मग मिरज, अशी आजवर फिरतच आलेय.

मोठीला जर्मनीचं सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. सहावीच्या नव्या वह्या काढल्या आणि रात्रीपर्यंत एकेकीला खाकी कव्हर घालत बसली. प्रत्येक लेबलवर नाव, इयत्ता सहावी, आणि खाली इथल्याच शाळेचं नाव.

मुलांना घेऊन परक्या देशात गेलेल्या आईचा एखादा सिनेमा सुचवा. आईला देवी केलेली नको आणि तिला फाडून खाल्लेलंही नको.

कृष्णाकाठ :
ताई, 'हिडियस किंकी' बघा. 1998 चा आहे, दिग्दर्शक गिलीस मॅकिनन. 'टायटॅनिक'नंतर केट विन्स्लेटनं हे छोटं काम निवडलं, याचं मला फार कौतुक वाटतं. काळ 1972 चा. लंडनची एक तरुण आई दोन लहान मुलींना घेऊन मोरोक्कोत मराकेशला येऊन राहते. मुलींचे वडील लंडनमध्ये, त्यांचे पैसे वेळेवर येत नाहीत. मग हातानं बाहुल्या शिवून विकायच्या. आईला सूफी मार्गाची ओढ आहे, आपला अहंकार विरघळावा असं तिला मनापासून वाटतं. मोठ्या मुलीला, तिचं नाव बी, मात्र शाळा हवी असते.

एका टप्प्यावर बी पुढं यायला नकार देते. आई तिला ओळखीच्यांकडे ठेवून धाकटीला घेऊन सूफी गुरूच्या शोधात जाते. परत येते तेव्हा बी त्या घरात नसते. तिथं माझ्या पोटात खड्डा पडला. पुढचं सांगत नाही.

दिग्दर्शक आईला शिक्षा करत नाही आणि मुलींचं दुःख झाकतही नाही. मूळ कादंबरी एस्थर फ्रॉइड यांची, 1992 ची. त्या स्वतः लहानपणी आईबरोबर मोरोक्कोत राहिल्या होत्या, म्हणून मुलांची नजर इतकी खरी उतरली असावी. पण आधी एकट्यानं बघा. काही दृश्यं मोठ्यांसाठीची आहेत, मुलींसोबत नको.

विश्रामबागकर :
'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे' पाहिलात का? राणी मुखर्जीचा, 2023 चा.

मिरजेची_नर्स :
पाहिलाय. त्यात मुलं काढून घेतात, आता तो परत बघायची हिंमत नाही.

विटेकर_गलाईवाले :
सिनेमातलं मला फार कळत नाही, पण बीचं वाचून राहवलं नाही. आम्ही विट्याचे, वडील सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कोईमतूरला. आई आम्हा भावंडांना घेऊन तिकडं गेली तेव्हा मी तिसरीत होतो. वर्गात तमिळ चालायचं आणि मला पाणी मागता येत नव्हतं. आईवर राग नव्हता ओ. मला कुणी विचारलं नाही, एवढंच सलत राहिलं. आईलाही कुणी विचारलं नव्हतं, हे फार उशिरा कळलं. जावा तुम्ही, जरूर जावा. पण पोरीला आधी समोर बसवून विचारा.

कृष्णाकाठ :
विटेकर, मनातलं बोललात. ताई, मुलींसोबत बघायला जिम शेरिडनचा 'इन अमेरिका' आहे. आयरिश कुटुंब दोन मुलींसह न्यूयॉर्कला येतं, मोठी मुलगी व्हिडिओ कॅमेऱ्यातून सगळं टिपत राहते. त्या दोघींचं काम करणाऱ्या मुली खऱ्या आयुष्यातही बहिणीच आहेत. घरात एका भावाच्या मृत्यूचं दुःख आहे, तेवढं आधी मोठीला सांगून ठेवा. धाकटीला मात्र थोडं थांबवा.

आणि तुम्ही बाडेन-वुर्टेमबर्गला जाणार असाल (2024 चा महाराष्ट्राचा मनुष्यबळाचा करार त्याच राज्याशी झालाय), तर तिथल्या शाळांत नव्यानं आलेल्या मुलांसाठी जर्मन शिकवणारे तयारीचे वर्ग असतात. मोठीला हे नक्की सांगा.

मिरजेची_नर्स :
काल नाईट नव्हती, मुली झोपल्यावर 'हिडियस किंकी' पाहिला. त्या आईची तगमग मला ओळखीची वाटली, एकाही जागी तिचा राग आला नाही. पण बी शाळेचं बोलली तेव्हा सिनेमा थांबवला आणि टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा बघत बसले.

सकाळी वेणी घालताना मोठीला विचारलं, तुला तिकडं काय हवंय? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी मला शाळा दाखव." तयारीच्या वर्गाचं सांगितलं, तर विचारते, त्या वर्गात माझ्यासारखी किती मुलं असतील?

कुणाची मुलं अशा वर्गात बसली असतील तर इथं लिहा. आज रात्री तिला वाचून दाखवेन.